सह्याद्रीच्या पोटात लाव्हा खदखदत नाही

पाटणहून सकाळी सहाला आत्याचा फोन. ‘म्हैस विकून टाकू का रे? डोंगर फुटणार म्हणत्यात.’ तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलेला मेसेज मग मीही वाचला. सह्याद्री हा झोपलेला ज्वालामुखी आहे, कोयनेचे धक्के म्हणजे तो जागा होतोय, कोकणातले गरम पाण्याचे झरे आणि लोणारचं सरोवर हा त्याचा पुरावा, तेव्हा जमिनी विकून वेळीच निघा, असं त्यात आहे. आत्यानंतर आणखी तिघांनी मला तोच पाठवला. आता गप्प बसवत नाही.

सह्याद्री लाव्ह्याचा आहे, हे खरं. तेवढं मान्य. पण तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बहुतांशी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर येऊन पसरलेला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. घाटात गाडी थांबवून दरडीकडे बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो. खालचा थर निवून, झिजून त्याची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. लाव्हा उघड्यावर भराभर निवला म्हणून या कातळाचा कण बारीक. तोच रस जमिनीत खोल, सावकाश थिजला असता तर त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसले असते.

आता ‘खाली लाव्हा खदखदतोय’ हे वाक्य. सगळी भीती यातूनच पसरली आणि हेच सगळ्यात खोटं आहे, कारण खाली काय आहे ते भोक पाडून बघितलेलं आहे. कोयनेचे भूकंप अभ्यासायला शास्त्रज्ञांनी तिथे खोल विंधनविवरं घेतली. त्यातलं एक १,५२२ मीटर खोल. सुमारे ९३२ मीटरपर्यंत बेसॉल्टचे, म्हणजे त्याच काळ्या कातळाचे थर लागले, आणि ते संपल्यावर काय लागलं? ग्रॅनाइटी खडक. घट्ट आणि लाव्ह्याच्याही कितीतरी आधीचा. पुढे ३ किलोमीटरपर्यंत खोदलं, तरी तोच. वितळलेला थेंबही नाही.

मग धक्के कसले? या जुन्या खडकात भेगा आहेत, त्यावर ताण आहे आणि धरणाच्या पाण्याचा दाब त्यात भर घालतो.

गरम झरे: पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं, वर येतं. खोलवर उष्णता सगळीकडेच वाढते, त्याला ज्वालामुखी लागत नाही. लोणार तर उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे. आघाताच्या दाबानेच बनणारी काच तिथल्या खडकात सापडली आहे. ज्या उष्ण स्रोतातून आपला लाव्हा आला, त्याच्यावरून भारताचा भूखंड केव्हाच उत्तरेला सरकला. तो स्रोत आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

११ डिसेंबर १९६७ला कोयनेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आगीने नव्हे, घरं अंगावर कोसळून. तेव्हा आत्या, म्हैस राहू दे. तुझ्या गोठ्याकडच्या दगडमातीच्या भिंतीला पोट आलंय. येत्या रविवारी गवंडी घेऊन येतो. तोवर तिच्याकडेला कुणी झोपू नका.