आचाऱ्याचा हात आणि तेलाचा डबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हॉटेलात जेवताना कॅलरींचा अंदाज कसा घ्यावा, या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आचारी कढईत किती तेल ओततो ते गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही, त्यामुळे असे आकडे म्हणजे हवेतल्या गप्पा, चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा, आणि चार माणसांत जेवताना हिशेब मांडणं हा अन्नाचा अपमान. तुम्ही फोर्टात नोकरी करता, दुपारी रोज उडप्याकडे राईस प्लेट घेता आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, हेही लिहिलंत. म्हणूनच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

गिऱ्हाइकाला तेल कळत नाही, हे खरं. पण गल्ल्यावर बसलेल्याला ते पक्कं ठाऊक असतं, कारण त्याचे पैसे तो मोजतो. परळला आमच्या घरची खानावळ होती. तेलाचा १५ किलोचा डबा कधी फोडला आणि कधी संपला, हे आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. डबा लवकर संपला की आचाऱ्याला विचारणा व्हायचीच. आता समजा, एका डब्यात ५०० ताटं निघाली. ताटामागे ३० ग्रॅम तेल झालं. एका ग्रॅमच्या ९ कॅलरी, म्हणजे २७०. आचाऱ्याचा हात सैल असला आणि ४००च ताटं निघाली, तर साडेसदतीस ग्रॅम, म्हणजे ३४० च्या आसपास. फरक पडला ७० कॅलरींचा. राईस प्लेटच्या दरात याहून फार सैल हात कुठल्याच मालकाला परवडत नाही.

ताटातल्या प्रत्येक पदार्थात अंदाज सारखाच चुकतो असंही नाही. शिजलेल्या १०० ग्रॅम भाताच्या १३० च्या आसपास कॅलरी, मग तो माटुंग्याच्या हॉटेलात शिजो नाहीतर तुमच्या घरी. डाळ, कणीक, बटाटा यांचंही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, त्यात हा कच्चा माल सापडतो. घोळ होतो तो तेल, लोणी, तूप, साय, काजू आणि खोबरं यांच्यापाशी. नजर तिथे ठेवायची. वेटर 'पुरी की चपाती' विचारतो ना, तुमच्या राईस प्लेटमधला सगळ्यात मोठा फरक बहुतेक वेळा त्या एका उत्तराने पडतो.

मिसळीवरची तर्री दिसते, ती चमच्याने बाजूला काढता येते. पांढऱ्या आणि केशरी ग्रेव्ह्यांचं तसं नाही. काजूची पेस्ट आणि क्रीम रश्श्यात असं एकजीव होतं की वर तवंगच येत नाही, आणि भाजी हलकी वाटते. पावभाजीच्या तव्याजवळ मात्र सगळं उघड्यावर चालतं, तिथे पाच मिनिटं उभं राहून बघा. लोण्याची अर्ध्या किलोची वडी दहा प्लेटींत संपत असेल तर प्लेटमागे ५० ग्रॅम आलं. लोण्यात ८० टक्के स्निग्धांश धरा: एकट्या लोण्याच्या ३६० कॅलरी. पाव भाजताना लावतात ते वेगळं.

तुम्ही पनीर बटर मसाला आणि दोन बटर नानचं उदाहरण देऊन विचारलंत, 'हे ६०० की १२००, कोण सांगणार?' मांडून बघू. ९० ते १०० ग्रॅमचे दोन नान, वर लोणी: ६६० ते ७२०. दोघांत एक भाजी, तर तुमच्या वाट्याला ७५ ग्रॅम पनीर: साधारण २०० ते २२०. कांदा, टोमॅटो, काजूचा थोडा ऐवज: ७५. ग्रेव्हीतलं तेल, लोणी, क्रीम मिळून २५ ते ४० ग्रॅम स्निग्धांश: २२५ ते ३६०. बेरीज ११५० ते १४००. ग्रेव्हीचा अंदाज कितीही सैल सोडला तरी ६०० वर हे जेवण येत नाही, आणि निम्म्याच्या आसपास कॅलरी नानच्या आहेत, ज्यांच्याबद्दल तुम्हाला शंकाच नव्हती. एक नान कमी केला की साडेतीनशे वाचले. चुकीच्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा, हे मला पटत नाही ते यासाठीच.

शिवाय तुमचं जेवण रोज एकाच हॉटेलातलं. तिथला आचारी रोज जास्त तेल घालत असेल तर तुमची चूकही रोज एकाच बाजूला होईल, आणि महिन्या-दीड महिन्यात वजनकाट्यावर दिसेल. मग त्या ताटाचा आकडा वाढवून धरायचा. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळी रेस्टॉरंटांना तर जुलै २०२२ पासून मेन्यूवर कॅलरी छापणं बंधनकारक आहे. तुमच्या उडप्याला तो नियम बहुधा लागू नसेल, पण साखळीतल्या मसाला डोशाचा आकडा तुलनेला उपयोगी पडतो. वाढप किती ग्रॅमची आहे तेवढं बघून घ्या.

अन्नाच्या अपमानाबद्दल. लग्नात, सणाला, महिन्यातून एकदा कुटुंबाबरोबर बाहेर जेवताना काहीही मोजू नका, असंच मी म्हणेन. आणि ज्यांना मोजायला लागलं की जेवणाचीच धास्ती वाटते, त्यांनी तर हे अजिबात करू नये, डॉक्टरांशी बोलावं. मी लिहितो ते रोज दुपारी बाहेर जेवणाऱ्या, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खाऊन लोकल पकडणाऱ्या माणसासाठी. त्याला घरचा डबा आणण्याचा सल्ला सगळे देतात. पहाटे उठून तो डबा करणार कोण, हे कुणी विचारत नाही.

पार्सलचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंत. ते उलट सोपं आहे. घरी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर डब्यासकट वजन करा आणि रिकाम्या डब्याचं वजा करा. उरलेली भाजी रात्री फ्रीजमध्ये ठेवा. लोणी, तूप, वनस्पती तूप थिजून वर येतं, सकाळी चमच्याने काढून तोलता येतं. सोयाबीन, सूर्यफुलासारखं तेल असं थिजत नाही, आणि काजू-क्रीमच्या ग्रेव्हीत सगळं वर येत नाही, तिथे मात्र अंदाजच धरावा लागेल.