२ स्टार देणाऱ्या सरांना आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं टेस्टिंग रखडलं, त्रास झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण आमच्या शंटबद्दल, म्हणजे मोठा करंट मोजायच्या अगदी लहान रेझिस्टरबद्दल, "शंट बोगस, पल्सवर नुसतं रिंगिंग, पैसे पाण्यात" (रिंगिंग म्हणजे करंटच्या झटक्यावर, पल्सवर दिसणाऱ्या नकोशा लाटा) हे तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत म्हणून सगळ्यांसमोरच बोलतो. वर्कशॉप छोटं आहे आमचं, असा एक रिव्ह्यू वाचून येणारी ऑर्डर मागे फिरते.

तुम्हीच टाकलेला स्कोपचा (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा) फोटो बघा ना, चॅनेलचं इनपुट १ मेगाओहमवर आहे हे स्पष्ट दिसतंय. डब्यातल्या कागदावर लिहिलेलं आहे की स्कोपच्या टोकाला ५० ओहम टर्मिनेशन लावा, म्हणजे केबलशी जुळणारा रेझिस्टर, त्यामुळे सिग्नल परत फिरत नाही. शंट ०.०१ ओहमचा, केबल ५० ओहमची आणि पुढचं टोक जवळपास उघडं, मग सिग्नल स्कोपवरून परत फिरणार, शंटपाशी उलटा होणार, पुन्हा स्कोपकडे जाणार, अशा दोन फेऱ्या झाल्या की एक सायकल. केबल ३ मीटर आरजी-५८ आहे असं तुम्हीच लिहिलंय, तिच्यात मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, म्हणजे एकदा जायला १५ आणि दोनदा ये-जा म्हणजे ६०. आता फोटोतलं रिंगिंग मोजा, ६० च्या आसपासच येतंय! १ मीटरची केबल लावा, ते २० वर येईल. दोष शंटचा असता तर केबल बदलून काही फरक पडला नसता. फोनवर हेच सांगत होतो तर "मला शिकवू नका" म्हणून तुम्ही फोन ठेवलात, ते खरंच लागलं.

५० ओहमवर स्कोप जळेल ही भीती मात्र बरोबर आहे, १००० अँपिअरला १० व्होल्ट येतात आणि बऱ्याच स्कोपचं ५० ओहम इनपुट ५ व्होल्टच्या वर नेता येत नाही. पण त्यासाठी मध्ये व्होल्टेज दहापट कमी करणारा २० डीबीचा अटेन्युएटर लावतात, टर्मिनेशन काढून टाकत नाहीत.

शंटच्या बाहेरच्या कंडक्टरमध्ये रेझिस्टन्सची पातळ फॉइल चारी बाजूंनी सारखी बसवायची म्हणजे हाताचं काम आहे. करंट गोल सारखा वाहिला तरच फॉइलच्या आत मॅग्नेटिक फील्ड राहत नाही, आणि सिग्नल आम्ही तिथूनच घेतो. प्रत्येक पीस पल्स देऊन बघितल्याशिवाय पाठवत नाही, डिलिव्हरीला वेळ लागला तो त्यामुळे. पुढे कागदावरची ती ओळ ठळक करू, पॅकिंगचंही बघतो.

५० ओहम लावून एकदा पल्स घ्या, तरीही तसंच रिंगिंग दिसलं तर शंट परत पाठवा, सगळे पैसे देतो. नाही दिसलं तर निदान "बोगस" एवढा शब्द काढा सर, विनंती आहे.