गावच नाही, तर लोकसंख्या कुणाची? – एका प्रतिक्रियेला उत्तर

न्यू जर्सीतल्या आयसेलिनवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचं म्हणणं असं: आयसेलिन नावाचं गावच नाही, तेव्हा त्याची लोकसंख्या देणं हास्यास्पद. पत्त्यात आयसेलिन लिहिणारे पण जनगणनेच्या हद्दीबाहेर राहणारे लोक मी मोजलेच नाहीत. ओक ट्री रोड, म्हणजे तिथल्या आपल्या दुकानांचा रस्ता, बराचसा शेजारच्या एडिसनचा, आणि खरं गाव तेच. पार्किंगबद्दल चकार शब्द नाही. आणि शेवटी, 'घरबसल्या विकिपीडिया वाचून भूगोल लिहू नये.'

मुद्दा काही असो, 'हास्यास्पद' हा शब्द अनोळखी माणसाला लिहिताना हात जरा अडखळायला हवा होता. आणि घरबसल्या म्हणाल, तर ते घर आयसेलिनमध्येच होतं हो! लग्नानंतर आमचं पहिलं बिऱ्हाड मेट्रोपार्क स्टेशनच्या बाजूला होतं. नवरा सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला जायचा. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, म्हणून भाजी आणायला पायी ओक ट्री रोड. थंडीत कोथिंबिरीची जुडी कोटाच्या आत धरून आणलेल्या बाईला तुम्ही विकिपीडिया शिकवताय.

आता 'गावच नाही' याबद्दल. आयसेलिनला स्वतःचा मेयर नाही, कौन्सिल नाही, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तिथवर आपण वाचलं असावं असं धरून चालते. कॅलिफोर्नियात अशी वस्ती थेट काउंटीच्या कारभारात असते. न्यू जर्सीत तसं नाही. तिथे ५६४ नगरपालिका आहेत आणि राज्याची इंच न् इंच जमीन त्यातल्या कुठल्यातरी एकीत येते. आयसेलिन येतं वुडब्रिज टाउनशिपमध्ये, मिडलसेक्स काउंटीत. पोलीस वुडब्रिजचे, घरपट्टी वुडब्रिजला. फोर्ड्स, कोलोनिया, एव्हनेल यांचंही तेच. म्हणून ही गावं हवेत विरली का? डोंबिवलीलाही स्वतःची वेगळी महापालिका नाही, कल्याणबरोबर एकत्र आहे. जा आणि एखाद्या डोंबिवलीकराला सांगून बघा की तुमचं गावच नाही.

अमेरिकेचं जनगणना खातं अशा वस्त्यांभोवती फक्त मोजणीसाठी रेघ आखतं. त्या रेघेच्या आत २००० साली १६,६९८ माणसं होती, २०१० साली १८,६९५ आणि २०२० साली २०,०८८. म्हणजे १ लाख ३ हजार ६३९ वस्तीच्या वुडब्रिजमधला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस या 'नसलेल्या' गावात राहतो. ही वाढ का झाली हेच तर लेखात होतं: १९७१ मध्ये मेट्रोपार्क स्टेशन झालं, शेजारून गार्डन स्टेट पार्कवे जातो, न्यूयॉर्कची नोकरी आवाक्यात आली आणि पाठोपाठ आपली माणसं, आपली दुकानं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

तुम्ही एडिसनला 'खरं गाव' म्हणता. म्हणा की. पण एडिसन हे नाव १९५४ चं, त्याआधी ते रॅरिटन टाउनशिप होतं. खरेपणा नगरपालिकेच्या पाटीवरच ठरवायचा तर तो मान वुडब्रिजला द्या, त्यांची सनद १६६९ ची आहे.

ओक ट्री रोडचं मात्र मान्य. हा रस्ता आयसेलिनमधून पुढे एडिसनमध्ये जातो आणि बाजारही त्याच्याबरोबर हद्द ओलांडतो. मी ते एका वाक्यात उरकलं, दोन लिहायला हवी होती. (दुकानदाराला विचारलंत तर तो दोन्ही नावं सांगेल, गिऱ्हाईक कुठून आलंय त्यावर.)

पत्त्याचा मुद्दा राहिला. ०८८३० हा पिनकोड टपालखात्यानं आपल्या सोयीनं आखलेला आहे, त्याची रेघ जनगणनेच्या रेघेशी जुळत नाही. मी जनगणनेचे आकडे दिले, टपालाचे नाही. यावर अधिक लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही.

पार्किंगसाठी वुडब्रिजच्या टाउन हॉलला लिहा. आणि इथे पुन्हा लिहाल तेव्हा टोपणनावाऐवजी स्वतःच्या नावानं लिहा, मी तेवढ्याच आदरानं उत्तर देईन.