शिक्का कोणाच्या मापाने?

'कादंबऱ्यांवरही सिनेमासारखा वयाचा शिक्का हवा' हे एका लेखातलं म्हणणं वाचलं आणि नाशिकला आमच्या पंचवटीतलं छोटं वाचनालय आठवलं. तिथून आणलेल्या एका कादंबरीत शृंगाराच्या प्रसंगाशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शी! घरात मुली आहेत.' त्याखाली निळ्या शाईत दुसरं अक्षर: 'मग पान दुमडून कोणी ठेवलं?'

माझ्या सासूबाई असली पानं सरळ उलटतात, पुस्तक मात्र सोडत नाहीत. "खून चालतो गं मला, हे नको," म्हणतात. बहीण नेमकी उलटी. मारहाण आली की तिने पुस्तक मिटलंच. आता शिक्का मारायचा कोणाच्या मापाने?

कोर्टालाही हे सोपं गेलं नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती ती. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कथा तीच, शब्द तेच!

मागच्या पानावर दोन ओळींत आत काय आहे ते छापा, माझी हरकत नाही. विकत घेऊन पस्तावायला नको (किमती बघताय ना हल्ली). पण कपाटाला कुलूप नको. आमच्या वाचनालयात एका कपाटाला होतं. किल्ली टेबलाच्या डाव्या खणात असते, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं.