हडर्सफील्डच्या खांबांमागची माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड या कापडाच्या गावावरच्या लेखात मी तिथल्या रेल्वे स्टेशनच्या दगडी खांबांचंच कौतुक केलं, राबणारी माणसं मात्र कुठेच दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. ते खरं आहे. १८१२ चं लडाइटांचं बंड मी एका ओळीत उरकलं. लोकरी कापड कातरणारे कारागीर पोटावर पाय आणणारी यंत्रं फोडत होते. एप्रिलमध्ये गिरणीमालक हॉर्सफॉल यांना गोळी घातली गेली आणि पुढच्या जानेवारीत यॉर्कला तिघे फासावर गेले. हे यायला हवं होतं.

पण 'इमारती म्हणजे श्रीमंतांची शोभा' हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. हडर्सफील्डमधलं भांडणच मुळी इमारती कुणाच्या, यावर झालं. गावाची बहुतेक जमीन रॅम्सडेन घराण्याची. १५९९ पासून मालकी त्यांच्याकडे. लोक त्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने घरं बांधत. हाती पक्का करार नसे, कारभाऱ्याच्या शब्दावर भिस्त. थॉर्नटन आणि डायसन या भाडेकरूंनी हक्काचा दीर्घ भाडेपट्टा मागितला, प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि १८६६ मध्ये ते हरले. न्यायाधीशांपैकी एकट्या लॉर्ड किंग्जडाउन यांनी वेगळं मत दिलं. मालकाने आशा लावली, भाडेकरूने त्या भरवशावर मालकाच्या डोळ्यांदेखत पैसा घातला, तर मालकाला मागे फिरता येणार नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. आपल्या मुंबई हायकोर्टाने १९०५ साली महापालिका विरुद्ध सरकार या खटल्यात याच मताचा आधार घेतला! हडर्सफील्डच्या भाडेकरूंना जे मिळालं नाही, ते त्यांच्या खटल्यामुळे इथे कुणाला तरी मिळालं. मला तरी हे कुठल्याही खांबापेक्षा मोठं वाटतं.

अखेर १९२० मध्ये नगरपालिकेने सुमारे तेरा लाख पौंडांना ती सगळी इस्टेट विकत घेतली.

माझी खरी चूक मात्र तुम्ही दाखवलेली नाही. आसपासच्या खोऱ्यांतले विणकर आपलं कापड ज्या क्लॉथ हॉलमध्ये विकायला आणत, ती १७६६ ची इमारत मी पूर्ण विसरलो. जमीन गावाची झाल्यावर दहाच वर्षांनी, १९३० मध्ये, ती पाडली गेली. तिचे थोडे अवशेष रेव्हन्सनोल पार्कमध्ये उभे आहेत. मूळ लेखात त्यांच्याबद्दल एक परिच्छेद आज जोडतो आहे.