गर्द आणि गाणं: एका फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या गाण्या-बजावण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. कॉलेजच्या बँडवाल्या पोरांकडे तो आहे, आमच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवरही येऊन गेला. म्हणणं थोडक्यात असं: जगातले सगळे थोर वादक-गायक हेरॉइन घेत होते आणि त्यातूनच त्यांची प्रतिभा फुलली. ज्यांनी सोडलं, त्यांची कला आटली. मन खंबीर असेल तर सवय लागत नाही. आणि शेवटी, आपले जुने उस्तादही अफूशिवाय गात नव्हते. माझ्याकडे शिकणाऱ्या बारावीतल्या एका मुलानं तो मला दाखवला आणि विचारलं, "सर, यातलं खरं किती?" त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण हा मेसेज वाचणारी बरीचशी पोरं त्याच्याच वयाची आहेत.

चार्ली पार्करपासून सुरुवात करतो, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. पार्करला कोवळ्या वयातच गर्दची, म्हणजे हेरॉइनची, सवय लागली, हे खरं. जॅझ या अमेरिकी संगीतप्रकारातल्या सर्वांत मोठ्या सॅक्सोफोनवादकांत त्याची गणना होते, हेही खरं. पण पहिल्यामुळे दुसरं घडलं, याचा पुरावा मेसेजमध्ये कुठंच नाही. उलट बाजूचा पुरावा मात्र रेकॉर्डवर ऐकायला मिळतो. जुलै 1946 मध्ये लॉस एंजेलिसला त्यानं 'लव्हर मॅन' वाजवलं. तेव्हा पुडी मिळेनाशी झाली होती आणि ती तलफ तो दारूवर भागवत होता. ते वादन आज कुणालाही ऐकता येतं. पियानोवाला सुरुवात करून देतो, पार्करची जागा येते, आणि तो येत नाही. पियानो तसाच पुढं चालू राहतो, मग मध्येच कुठंतरी सॅक्सोफोन शिरतो. स्वर निसटतात, वाक्यं अर्ध्यावर सुटतात. ज्याच्या लयीनं भले भले चकित व्हायचे त्याची अशी सम हुकलेली ऐकताना पोटात कालवतं. त्याच रात्री हॉटेलातल्या त्याच्या खोलीत आग लागली, त्याला अटक झाली आणि पुढचे सुमारे सहा महिने तो कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात होता. ती रेकॉर्ड बाजारात आणली गेली याचा त्याला मनस्वी राग होता. काही रसिकांना त्या वादनातलं दुःख भावतं. मला ते ऐकवत नाही.

पार्करनंच एका मुलाखतीत सांगून ठेवलंय की गांजा ओढून, सुई टोचून किंवा दारू पिऊन आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक सरळसरळ खोटं बोलतो. 12 मार्च 1955 रोजी तो गेला तेव्हा 34 वर्षांचा होता. मृतदेह तपासणाऱ्यानं वयाचा अंदाज पन्नाशीच्या पुढचा लावला होता.

मग त्या काळात इतके जॅझवादक गर्दच्या नादी लागले कसे? दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या हार्लेमसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत हेरॉइनचा सुळसुळाट झाला. या वादकांचं काम रात्रीच्या क्लबांत, आणि विकणारेही तिथंच घुटमळायचे. वर वर्णभेदाचा रोजचा अपमान. जॅझ गायिका बिली हॉलिडेला 1947 मध्ये शिक्षा झाली आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवानाच गेला. 1959 मध्ये हॉस्पिटलच्या खाटेवर मरणपंथाला लागलेली असतानाही तिच्यावर पोलिसांचा पहारा होता. या बाईच्या गळ्यातल्या आर्ततेचं श्रेय पावडरीला द्यायचं, हा तिच्यावर केवढा अन्याय आहे!

आणि हा मेसेज जे करतोय, तेच तेव्हाही झालं होतं. पार्करसारखं वाजवायचं तर पार्करसारखं जगायला हवं, असं ठरवून किती तरी तरुण वादक सुईकडे वळले. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्यातलाच. गर्दपायी तो चोरीपर्यंत गेला, तुरुंगात जाऊन आला. जानेवारी 1953 मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका रेकॉर्डिंगला पार्कर आणि रोलिन्स एकत्र होते. पार्करनं त्याला विचारलं, सोडलंस ना? रोलिन्स हो म्हणाला. ते खोटं आहे हे पार्करला तिथंच कळलं आणि त्याचा चेहरा पडला. आपल्यामुळे ही पोरं बुडताहेत, याचं शल्य त्या माणसाला होतं. रोलिन्सनं त्या दिवशी मनाशी गाठ बांधली. 1955 मध्ये तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाला. बाहेर पडून पार्करला भेटायचं आणि सांगायचं, सुटलो एकदाचा, असं त्याच्या मनात होतं. तो आत असतानाच पार्कर गेला.

आता "सोडलं की कला आटते" हा मुद्दा. रोलिन्सची 'सॅक्सोफोन कोलोसस' ही गाजलेली रेकॉर्ड जून 1956 ची, म्हणजे लेक्सिंग्टनच्या नंतरची. पुढं तो योग शिकायला आपल्या मुंबईत, पवईच्या आश्रमातही येऊन राहिला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं नाव मेसेजमध्ये मोठ्या अक्षरांत आहे, पण तारखा गाळल्या आहेत. 1957 मध्ये माइल्स डेव्हिसनं त्याला बँडमधून काढून टाकलं ते याच सवयीपायी. त्याच वर्षी फिलाडेल्फियाला घरी राहून त्यानं ती सोडली. ज्यासाठी जग त्याला ओळखतं ते बहुतेक सगळं काम त्यानंतरचं आहे: 1959 मधलं 'जायंट स्टेप्स', आणि 1964 च्या डिसेंबरात रेकॉर्ड झालेलं 'अ लव्ह सुप्रीम', ज्याच्या सोबतच्या मजकुरात 1957 मध्ये मिळालेल्या नव्या आयुष्याबद्दल तो देवाचे आभार मानतो. याच माणसानं पं. रविशंकरांवरच्या प्रेमापोटी मुलाचं नाव रवी ठेवलं. गायक-पियानोवादक रे चार्ल्सनं 1965 मध्ये उपचार घेतले आणि 2004 पर्यंत तो गाणंबजावणं करत राहिला.

सोडणं प्रत्येकाला एका फटक्यात जमतं असं मात्र नाही. रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन हेरॉइनमधून सुटला तो दारूत अडकला, त्यातून बाहेर यायला आणखी कित्येक वर्षं गेली. नंतर त्यानं 1998 मध्ये अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं.

"सत्तावीसाव्या वर्षी जाणारे अलौकिक कलावंत" हा मेसेजमधला परिच्छेद तर निव्वळ भेसळ आहे. हेंड्रिक्स झोपेच्या गोळ्यांनी गेला, एमी वाइनहाऊस दारूनं, कोबेननं स्वतःला गोळी घालून घेतली. त्या यादीत हेरॉइनच्या अतिसेवनानं गेली ती जॅनिस जॉप्लिन. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात 27 या वयाला मृत्यूंची वाढ दिसली नाही. दिसलं ते हे, की गाजलेल्या संगीतकारांना विशी-तिशीत मरणाचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट होता.

खंबीर मनाबद्दल. चंदेरी कागदावर चिमूटभर ब्राऊन शुगर, म्हणजे गर्दच, ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा, त्यात मनाला विचारतो कोण? मेंदू आणि शरीर त्या मात्रेला सरावतात, मग तेवढ्यानं भागत नाही. रोज घेणाऱ्यानं थांबवलं की आठ-बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: नाक-डोळे गळतात, जांभया येतात, अंगावर काटा, पोटात पिळवटून कळा, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला पोचते. आणि एक गोष्ट घरच्यांनाही ठाऊक असायला हवी: काही दिवस बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबून माणूस जातो, कारण शरीराचा सराव तेवढ्यात उतरलेला असतो.

श्वासावरूनच आपल्या उस्तादांकडे येतो. अफू, दारू मैफलींच्या आसपास होती, हे मी नाकारत नाही. पण हे शहर अल्लादिया खाँसाहेबांचं आहे. शाहू महाराजांच्या दरबारात ते गायले, जयपूर-अत्रौली घराणं इथं वाढलं. तरुणपणी रोज गाऊन गाऊन त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पूर्वीसारखा नव्हता, तेव्हा त्या आवाजाला पेलेल अशी वक्र, लयीत गुंफलेली गायकी त्यांनी घडवली. ती गायची तर दमसास लागतो. एका श्वासात पल्लेदार तान घेऊन समेवर यायचं असतं. हेरॉइन मेंदूतल्या नेमक्या त्याच केंद्राला मंद करतं जे श्वास चालवतं. पहाटे खर्ज लावायला बसलेल्या पोराला यातून काय मिळणार आहे?

ज्यांच्या घरात हा प्रश्न आधीच शिरला आहे त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, फोन मोफत आहे. कुणी बेशुद्ध पडला, श्वास संथ झाला, ओठ निळे पडले तर कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा, झोपून उठेल म्हणून वाट बघू नका. पोलीस केस होईल या भीतीनं पुष्कळ आईबाप गप्प बसतात. अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातच कलम 64-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल आणि ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही.