गाडीचं तोंड बंद करा रे कोणीतरी

भाच्याच्या नव्या गाडीला सगळं दिसतं. पुढच्या काचेमागे कॅमेरा, बंपरमध्ये रडार, चारी कोपऱ्यांत सेन्सर. अडचण एवढीच की दिसलेलं तिच्या पोटात राहत नाही. पट्टा लावला नाही, टुंग. बाजूने मोटारसायकल गेली, टुंग. पुढची गाडी हलली आणि तुम्ही हलला नाहीत, टुंग. ताशी ८०च्या वर गेलात की अधूनमधून टुंग आणि १२०च्या वर तर थांबायचं नावच नाही. हे शेवटचं मात्र सरकारी आहे, १ जुलै २०१९पासून बनलेल्या सगळ्या गाड्यांना सक्तीचं. त्याचा आम्हाला जाच नाही. चिपळूण सोडून गुहागरकडे वळलं की ८० गाठण्याइतका सरळ रस्ता सापडतोच कुठे?

यंदा गणपतीला भाचा आम्हाला मुंबईहून घेऊन निघाला. पुढे मी, मागे आमची ताई आणि शेजारचे तात्या. तात्यांची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. निवृत्त झाल्यापासून ते कोणाच्याही गाडीत मागे बसतात आणि उजवा पाय न चुकता ब्रेक दाबत असतो.

महामार्गावर गाडीचा रुबाब काय सांगावा! नवं काँक्रीट, पांढरे पट्टे ठळक. कशेडीच्या बोगद्याअलीकडे भाच्याने दोन्ही हात सोडून दाखवले. स्टिअरिंग आपलं आपण वळलं. ताई "अगो बाई!" म्हणते न म्हणते तोच गाडी ओरडली, हात ठेवा. या तंत्रज्ञानाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात म्हणे आणि भाच्याची गाडी दुसरीवर आहे. म्हणजे वेग आणि वळण ती सांभाळणार, पण लक्ष आपण ठेवायचं आणि काही झालं तर जबाबदारीही आपलीच. "म्हणजे नवशिका क्लीनरच की," तात्या म्हणाले.

पुढे जुन्या रस्त्याचा तुकडा लागला. तिथे पट्टेही होते आणि खड्डेही. खड्डा चुकवायला भाचा जरा बाजूला सरकला की गाडीला वाटायचं, हा पट्टा ओलांडून भरकटतोय. ती स्टिअरिंग मुकाट्याने परत खड्ड्याकडे ओढायची. इंडिकेटर दिला तर सोडते. मग काय, पठ्ठ्याने खड्ड्यागणिक इंडिकेटर द्यायला सुरुवात केली. डावा, उजवा, परत डावा. मागच्या रिक्षावाल्याने पाच-सात खड्डे सहन केलं, मग शेजारी येऊन विचारलं, "दादा, वळायचाय तरी कुठे तुम्हाला?" या नागमोडी चालीवरून गाडीने स्वतःचा निष्कर्ष काढला आणि पडद्यावर वाफाळता कप दाखवला. चालकाला झोप येतेय, थांबून कॉफी घ्या. ताईला ती सूचना एकदम पटली, फक्त तिला चहा हवा होता.

खरी मदत हवी होती ती पावसात. चिपळूणजवळ असा कोसळला की बॉनेटही दिसेना. नेमकी तेव्हा गाडीने पाटी झळकवली: कॅमेऱ्याला दिसत नाही, प्रणाली तात्पुरती बंद. दिसत आम्हालाही नव्हतं, पण आम्हाला बंद पडायची सोय नाही.

उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवत नाही. मार्गताम्हाण्याच्या पुढे, अंधारात, वळणावर चिऱ्यांनी भरलेला ट्रॅक्टर उभा होता. मागे दिवा नाही, ओली फांदीसुद्धा लावलेली नाही. भाच्याचा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. आम्ही वाचलो, आणि मी डॅशबोर्डला मनोभावे नमस्कार केला. तात्या मात्र मान वळवून मागे बघत होते. आमच्या मागे टेम्पो होता, तो हातभर अंतरावर येऊन थांबला. "हिने ब्रेक मारला तो पुढचं बघून," तात्या म्हणाले, "मागचं त्या टेम्पोवाल्याने सांभाळलं. अंतर ठेवून होता बिचारा." भाच्याने तेव्हा कुठे आरशात पाहिलं. आरसे असतात हे तो गाडी घेतल्यापासून विसरलाच होता. बाजूला कोणी आलं की दिवा लागतो ना!

घर दोन वळणांवर राहिलं आणि आम्ही उतार उतरत असताना समोरून एसटी चढत आली. रस्ता एका गाडीचा, एका अंगाला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला कमरेएवढं गवत आणि गवताखाली गटार. एसटीने डिपर मारला. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची हे नियमातच आहे, तेव्हा मागे जाणं आमच्या वाट्याला. भाच्याने रिव्हर्स टाकला आणि नजर पडद्यावर लावली. पडद्यावर हिरवंगार गवत, लाल पट्ट्या आणि कर्कश टूंऽऽ. गाडी वीतभर मागे गेली आणि गच्चकन थांबली. परत वीतभर, परत गच्च. गवताचा तुरा तिला भिंत वाटत होता.

"अरे मान वळव! गवत आहे ते!"

"मामा, तीच ब्रेक मारतेय, मी नाही!"

एसटीवाल्याने शांतपणे इंजिन बंद केलं. खिडक्याखिडक्यांतून माणसं डोकावली. कंडक्टर खाली उतरला, आमच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हाताने "या, या" करू लागला. गाडीला आता गवताच्या जोडीला माणूसही दिसला. शेवटी तात्या चिखलात उतरले, भाच्याला बाजूला केलं, कुठलं बटण कशाचं ते विचारून एकेक बंद केलं, दार उघडून अर्धे बाहेर वाकले आणि एका दमात गाडी वळणावरच्या रुंद जागेत नेऊन लावली. एसटी घासून गेली, पण न घासता. ड्रायव्हरने खिडकीतून हात वर केला, तात्यांनीही केला.

विसर्जनानंतर दापोलीला जायचं म्हणून धोपाव्याच्या जेट्टीवर आलो. बंद केलेलं सगळं भाच्याने परत चालू केलं होतं. फेरीबोटीवर गाड्या उलट्या चढवायच्या होत्या, दोन गाड्यांत तळहाताएवढी फट. बोटीवरचा पोरगा हातवारे करून बोलावू लागला, "येऊं दे, येऊं दे, डावी मार, अजून..." आणि सेन्सरांनी एकसाथ गळा काढला. पोरगा थांबला, खिडकीपाशी आला, आत वाकून सगळ्यांची तोंडं निरखून पाहिली.

"सायेब, आत कोण वरडतंय त्याला आधी खाली उतरवा. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाय."